अब्दुल गनीचे दोन भोंगे

डोणगावात लग्न असो, कुस्त्या असोत, नाहीतर फिरत्या टॉकीजचा नवा खेळ, अब्दुल गनीच्या माइकशिवाय पान हलायचं नाही. रेडिओ दुरुस्त करता करता हा माणूस लाउडस्पीकरच्या नादी लागला, आणि एकदा माइक हातात आला की सोडेल तर शपथ! एका वर्षी त्यानं जुन्या जीपच्या टपावर दुसरा भोंगा चढवला. "आता आवाज पार मेहकरपर्यंत," म्हणून गावभर मिरवत सुटला. बायको नजमुन्निसा म्हणाली, "एकानंच माह्यं डोकं उठते, आता दोन!"

त्याच आठवड्यात, भर बाजारात, उकंडराव नावाचे म्हातारे शेतकरी धापा टाकत जीपपाशी आले. बायकोला कांद्याच्या गाडीजवळ बसवून ते मीठ आणायला गेले होते. परत येतात तो बाई गायब! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि बाजाराला लागूनच मोटारींचा अड्डा.

"तिले दिसत नाही हो गनीभाई. एखाद्या ट्रकखाली गेली तं?"

"बाबा, तुमचाच आवाज वळखंल ते. तुमीच बोला," म्हणत गनीनं माइक त्यांच्या तोंडाशी धरला. पण उकंडरावांचा तो बैलांना दरडावणारा घोगरा आवाज भोंग्यांतून निघाला तो डब्यात कोंडलेल्या माशीसारखा! गनीनं बॅटरी तपासली, माइक ठोकला, अँप्लिफायरला आईबहिणीवरून सुनावलं. काही फरक नाही. शेवटी वैतागून त्यानं नव्या भोंग्याची तार उपटली, आणि उरलेला एकटा भोंगा केवढ्यानं तरी बोलू लागला!

"हात्तिच्या मायले! मीच उलटी जोडली!" नव्या भोंग्याच्या दोन तारांची अदलाबदल झाली होती. एक भोंगा हवा पुढं ढकलायचा तेव्हा दुसरा मागं ओढायचा, दोघं मिळून आवाज गिळत होते. लाजून लाल झालेल्या गनीनं तारा पालटल्या, स्क्रू आवळले. आता उकंडराव नुसते खाकरले तरी अड्ड्यावरची माणसं वळून पाहू लागली.

"सौभाग्यवती मंजुळाबाई उकंडराव यांनी जीपपाशी यावं," गनीनं नाव विचारून शिकवलं तसं ते म्हणाले. पुन्हा म्हणाले. कोणीही आलं नाही. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले तेव्हा गनीनं वाकून विचारलं,

"बाबा, घरी तिले काय म्हनता?"

उकंडराव खाली मान घालून पुटपुटले, "काय म्हनतो... अवं म्हनतो." त्या पिढीत नवरा कुठे बायकोचं नाव घ्यायचा!

"मंग तसंच म्हना ना, मायबाप!"

उकंडरावांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. "अवं... आयकून राह्यली काय? चाल वं घरी."

अर्ध्या बाजारातल्या बायकांनी माना वळवल्या. एकच हशा पिकला. तेवढ्यात बांगडीवाल्याच्या पालाखालून एक म्हातारी उठली. हात पुढे करून, माणसांना चाचपत, ती आवाजाच्या रोखानं निघाली. उकंडराव बोलतच राहिले, "इकडं, इकडं ये वं," आणि लोक बाजूला होत गेले.

ती जवळ आली तशी उकंडरावांनी चारचौघांत तिचं मनगट धरलं आणि ढसाढसा रडले. "इतक्या हाका मारल्या, काऊन नाही आली?"

"मले काय मालूम?" म्हातारी म्हणाली. "म्या म्हटलं, कोनाची तरी मंजुळा हरपली असंल बिचारी. तुमी कवा घेतलं माह्यं नाव?"