अब्बांच्या कबरीवरून गेलेलं विमान

घाटाकडचं आमचं गाव धरणात गेलं तेव्हा देवळाचे दगड नंबर टाकून नव्या वसाहतीत नेले. अब्बांच्या कबरीचं विचारलं, तर पुनर्वसनाचा साहेब म्हणाला, "मातीचं काय हलवायचं?" मी त्याची गचांडी धरली. दोघांनी मला ओढून बाहेर काढलं. तो प्रश्न मी अजून विसरलेलो नाही.

पुढे कोल्हापुरात पत्राकामाचं स्वतःचं शेड टाकलं. ऐंशी सालानंतर तिथे एक तरुण शास्त्रज्ञ आला. जमीन कशी बदलते ते ढगातून, अंधारातूनही बघणारा रडार उपग्रह सोडायची तयारी चालली होती. आधी तसलं यंत्र विमानातून तपासायचं होतं. त्यासाठी त्याला तीन पत्रे काटकोनात जोडलेले मोठे कोपरे हवे होते. वरून आलेली रडारची लहर त्यात आपटून सरळ माघारी जाते आणि फोटोत तिथे पांढरा ठिपका उमटतो.

मी भाव सांगितला. तो घासाघीस करू लागला.

"पावणं, भाव तुमचाच. पण एक कोपरा मी सांगीन तिथं, धरणाच्या काठावर ठेवायचा. आन् फोटो मला द्यायचा."

"तिथं काय आहे?"

"माझा बाप हाय."

तो हसला नाही. कबूल झाला.

विमान आलं तेव्हा मी काठावर उभा होतो. ढग इतके खाली उतरले होते की नुसता आवाज आला. कबरस्तान समोरच, पाण्यात. मी सवयीने सलाम केला आणि आवाज विरेपर्यंत उगाच उत्तराची वाट पाहत राहिलो.

फोटो आला. काठावर माझा ठिपका लखलखत होता. त्यापुढे सगळं काळं.

"ढगातनं दिसतंय म्हणालता की!" मी टेबलावर मूठ आपटली.

"ढगातून दिसतं, मालक. पाण्यात लहर शिरत नाही. सपाट पाण्यावरून ती पलीकडे निसटते. माघारी काहीच आलं नाही, की काळं."

"आन् उपग्रहातनं?"

"त्यातूनही काळंच."

घरी अम्माने फोटो मांडीवर घेतला. ठिपक्यापासून बोट सरकवत ती काळ्यात शिरली आणि एका जागी थांबली.

"हितं. चिंचंखाली."

"अम्मा, तिथं काय बी उमटलं न्हाय."

"नसंना का. उजेडात त्यास्नी झोप कधी लागली व्हती?"

त्यानंतर ती होती तोवर रोज लवकर दिवा मालवायची, आणि ते काळं सोसेना म्हणून मी उठून पुन्हा लावायचो.