खुंटीवरची बंदूक

नानांसमोर छत्री कशी धरायची हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. टोक जमिनीकडे. कुणी काखेत छत्री आडवी मारून उभा राहिला, तर नाना बोलता बोलता हात पुढे करायचे, छत्रीचं टोक धरून खाली वळवायचे आणि मग राहिलेलं वाक्य पुरं करायचे. छत्रीच कशाला, ऊस, बांबू, केरसुणीचा दांडा, लांबट असं काहीही माणसावर रोखलेलं त्यांना खपत नसे. “तोंड खाली,” एवढंच म्हणायचे.

एकदा गणपती ठरवायला ते पेणजवळच्या जोह्याला, मूर्तिकारांच्या गावी गेले होते. कारखान्यात कुठल्याशा मंडळासाठी सैनिकाच्या वेषातला गणपती तयार होत होता आणि त्याच्या हातातली बंदूक थेट दारातून येणाऱ्या माणसाकडे होती. नाना उंबऱ्यातच थांबले. “देव झाला म्हनून काय झालं? याला सांगा, तोंड खाली,” असं म्हणाले आणि मूर्तिकाराने ओल्या मातीतली बंदूक खाली वळवेपर्यंत आत पाऊल टाकलं नाही. ही हकिकत गावात पुढे कित्येक वर्षं हसत हसत सांगितली जाई. सांगणारा हसायचा आणि हातातली छत्री मात्र सरळ करायचा.

आमचं गाव कासू स्टेशनापासून आत, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. भात पोटरीला आलं की डोंगरातून रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत शेत झोपवून जायची. सगळ्या गावात परवान्याची बंदूक एकच, ती नानांची. जुनी ठासणीची होती. नळीत दारू आणि छर्रे गजाने ठासायचे, मागच्या बाजूला, घोडा आपटतो तिथे, एक बारीकशी तांब्याची टोपी बसवायची, की बंदूक तयार. अशी बंदूक एकदा भरली की सहज रिकामी करता येत नाही, उडवावीच लागते. म्हणून राखण करून परतताना डुक्कर दिसलं नाही तरी नाना बांधाच्या मातीत बार काढायचे आणि मगच घरी यायचे. पहाटे तो आवाज आला की बायका म्हणायच्या, नाना आले, चुली पेटवा.

“रिकामी हाय असं कदी म्हनायचं नाय,” ते आम्हा पोरांना ओटीवर बसवून सांगायचे. “रिकामी म्हननाऱ्यानंच मानसं मारलीत. भरलेलीच हाय असं धरून चालायचं.” दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल घेऊन कुणी आलं, तर आधी त्याच्याकडून तोंड खाली धरून दाखवून घ्यायचे आणि मगच चकली द्यायचे. आम्हाला त्यात फार गंमत वाटायची.

मी त्यांची विशेष लाडकी. आमची आणि त्यांची भिंत एकच होती. बाबा रोह्याला कंपनीत, शिफ्टवर जायचे, आई शेतात, त्यामुळे शाळा सुटली की माझं घर म्हणजे नानांची ओटी. त्यांचा नातू रुपेश माझ्याहून वर्षभराने मोठा. त्याचे आईवडील पनवेलला कामाला होते आणि पोर आजोबांच्या हवाली केलेलं होतं. आमच्या दोघांच्या ताटात नाना सारखीच बोंबलाची तुकडी वाढायचे. मला ‘निमाबाय’ म्हणायचे. मला आजोबा नव्हते आणि ते नाहीत असं मला कधी वाटलंही नाही.

एका बाबतीत मात्र ताटं वेगळी होती. आम्हा बाहेरच्या पोरांना बंदुकीला बोट लावायची बंदी. रुपेशला नाना संध्याकाळी मांडीवर घेऊन टोपी कशी बसवायची ते शिकवायचे. त्याची बोटं बारीक असल्यामुळे टोपी चटकन बसायची, याचं त्यांना भारी कौतुक. “घरातल्या पोराला आलं पायजे. परवाना उद्या त्याच्याच नावावर व्हनार,” असं ते म्हणायचे. टोप्यांची डबी देव्हाऱ्यातल्या फोटोमागे असते, हे मला माहीत नव्हतं. रुपेशला माहीत होतं.

नानांच्या घरात दसऱ्याची एक रीत होती. त्या दिवशी रिकामं शस्त्र पुजायचं नाही. आदल्या रात्री भरलेली बंदूक त्या पहाटे बांधावर उडवायची नाही, तशीच घरी आणायची, फक्त टोपी काढायची, म्हणजे बार उडत नाही. पाटावर ठेवून झेंडूची फुलं, हळदकुंकू वाहायचं आणि संध्याकाळी सोनं लुटायला शिवेवर गेलं की सगळ्या गावादेखत बार काढायचा. एरवी पूजा झाली की बंदूक कपाटात आणि किल्ली नानांच्या करगोट्याला. त्या वर्षी लोक दर्शनाला येत राहिले, म्हणून त्यांनी ती ओटीवरच्या खुंटीला अडकवली आणि आपट्याची पानं आणायला परसात गेले. नव्वद साल उलटून गेल्यावरची ही गोष्ट, मी चौथीत होते.

रुपेशने स्टूल लावून बंदूक काढली. मला म्हणाला, “बघ, मी कशी टोपी बसवतो ती.” मी त्याच्यासमोर उभी. त्याने बंदूक अगदी आजोबांनी शिकवल्यासारखी धरली होती, तोंड खाली. टोपी बसवताना घोडा त्याच्या अंगठ्यातून निसटला आणि बार उडाला, पण तोंड खाली म्हणून छर्रे माझ्या डाव्या पावलात शिरले. त्याने ती आडवी धरली असती, तर हे लिहायला मी नसते. हे ऋण नानांचंच आहे आणि ते फेडल्याशिवाय पुढचं बोलावं की नाही, या विचारात माझी पुष्कळ वर्षं गेली.

आवाज ऐकून नाना धावत आले. मला उचललं, पायाला आपला पंचा गुंडाळला आणि भाताच्या टेम्पोतून पेणला न्यायला निघाले. आई शेतावर होती, ती मागाहून आली. टेम्पोत माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं आणि ते रडत होते. नानांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

“निमाबाय,” ते माझ्या कानाशी म्हणाले, “कोनी इचारलं तर सांग, तू काढलीस. कपाटाची किल्ली चोरलीस म्हन. तुला कोन काय करनार नाय. रुपेशला पोलीस न्हेतील गो. परवाना जाईल, गावाचं भात जाईल. पाय बरा झाला का मी सोता तुज्या आयला खरं सांगतो. नानाचा शब्द हाय.”

नानांचा शब्द म्हणजे माझ्यासाठी शाळेतल्या पुस्तकापेक्षा मोठी गोष्ट. दवाखान्यात पोलीस आले, तेव्हा मी सांगितलं, मी काढली. आई माझ्या उशाशी बसली होती. तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून दिसतं. “कशाला गेलीस गो मरायला? तुला किती बजावलं होतं त्यांनी,” एवढंच म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

पाय बरा झाला, म्हणजे दोन बोटं गेली आणि चाल कायमची तिरपी झाली. बंदूक काही महिने चौकीत जमा होती, मग परत आली. परवाना वाचला आणि गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. दसऱ्याच्या दिवशी ती बंदूक भरलेली असते, हे गावात कुणाला माहीत नव्हतं? त्या पहाटे बांधावर बार झाला नव्हता, हे प्रत्येक चुलीपुढच्या बाईला ठाऊक होतं. पण छत्रीचं टोकसुद्धा वर होऊ न देणारा माणूस भरलेली बंदूक खुंटीला टांगून जाईल, असं म्हणायची हिंमत कुणाला झाली नाही. भात सगळ्यांचंच होतं.

घरात मात्र माझंच नाव वाईट झालं. “हिच्या हाताला चैन नाय,” असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मला काडेपेटी मिळायची नाही, कोयता मिळायचा नाही, मासळी कापायला विळी मिळायची नाही. माझ्या वयाच्या पोरी घरचं सगळं करायच्या, मी भांडी घासायची आणि पाणी भरायची. आई मला मारत नव्हती. ती फक्त धारेची प्रत्येक वस्तू माझ्यापासून उचलून ठेवायची.

मी वाट पाहत होते. एकदा विहिरीवर नाना एकटे भेटले तेव्हा विचारलं, “नाना, आयला कदी सांगनार?” ते म्हणाले, “रुपेशची दहावी होऊ दे.” दहावी झाली. मग म्हणाले, “कंपनीत लागू दे, आता बोभाटा झाला तर घेनार नायत त्याला.” दर वेळी ते माझ्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि दर वेळी मी मान हलवायचे. माझा त्यांच्यावर विश्वास होता, याची मला आज लाज नाही वाटत, त्याचा राग येतो.

सगळ्यात वाईट गोष्ट ते ओटीवर करायचे. पुढची नवी पोरं आली, की त्यांना बसवून तेच धडे द्यायचे आणि शेवटी मला हाक मारायचे. “निमाबाय, पाय दाखव गो. बघा रे, मोठ्यांचं न ऐकता बंदुकीला हात लावला का असं व्हतं.” रुपेश तिथेच दाराला टेकून उभा असायचा. मी पाय दाखवायचे. पोरं डोळे मोठे करून बघायची आणि नानांचा आवाज अगदी खरा असायचा. हळूहळू त्यांना स्वतःलाच ते खरं वाटू लागलं होतं की काय, मला सांगता येणार नाही.

दशक सरता सरता नाना आजारी पडले. रुपेशने रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावात खोली घेतली होती, कंपनीत जायला सोयीची म्हणून, तिथे त्यांना नेऊन ठेवलं. मी आणि आई कासूहून गाडीने गेलो. पाऊस होता. आईने ओली छत्री खाटेच्या बाजूला आडवी टेकवली. नाना हाडांचा सापळा झाले होते, तरी त्यांचं एक बोट उचललं गेलं. “तोंड खाली,” ते पुटपुटले. मी छत्री वळवली. मला इतकं बरं वाटलं, की आता हा माणूस शब्द पाळणार असं मी ठरवूनच टाकलं.

आई म्हणाली, “नाना, हिला आशीर्वाद द्या.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. रुपेश चहाचे कप घेऊन दारात थांबला. नानांनी आईचा हात धरला.

“पारू,” ते म्हणाले, “आता तरी पोरीवर राग धरू नको गो. ल्हान होती. मी कवाच माफ केलंय तिला.”

आई हुंदके देऊन रडायला लागली आणि तिने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मला म्हणाली, “पाया पड.” मी विचारलं, “नाना, माफी कसली?” त्यांनी डोळे मिटून घेतले. रुपेशने कप खाली ठेवले आणि तो बाहेर निघून गेला. मी पाया पडले नाही.

रोह्याच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहताना मी आईला सगळं सांगितलं. स्टूल, टोपी, टेम्पो, विहीर, काहीच ठेवलं नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, “मरनाऱ्या मानसावर आळ घेऊ नये, निमा. नानांनी तुला माफ केलं, आनि तू असं बोलतेस?”

आम्ही घरी आलो. शेजारणीने मासळी आणून ठेवली होती. आई हातपाय धुऊन कापायला बसली. थोड्या वेळाने दूध तापवायला उठली. मी तिथेच भिंतीला टेकून बसले होते, सतरा-अठरा वर्षांची. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, विळी मिटवली आणि फळीवर उंच ठेवून दिली.