उठल्यापासून सांगते

मी तापट. आजही आहे, पण आता गुडघे दुखतात म्हणून उठून भांडायला जात नाही, इतकाच फरक. लग्न ठरलं तेव्हा आईने बजावलं होतं, "सासरी जिभेला लगाम घाल गं बाई." मी काही घातला नाही. सासूबाईही माझ्याहून कमी नव्हत्या, त्यामुळे आमचं भांडण व्हायचं ते बरोबरीने व्हायचं, आणि बरोबरीचं भांडण फार दिवस टिकत नाही.

लग्नाआधीच मी अर्थशास्त्रात एम. ए. करून मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत पाहणीच्या कामाला लागले होते. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. दिल्लीत योजना आखल्या जात होत्या, आणि त्या आखायच्या तर लोक कसे जगतात, काय खातात, काय करतात, हे कुणीतरी दारोदार जाऊन विचारायला हवं होतं. ते कुणीतरी म्हणजे आम्ही. तोवर माझं काम शहरातच असायचं, दिवेलागणीला घरी. मग कोळीवाड्यांची पाहणी निघाली. सरकारला कोळ्यांसाठी काहीतरी करायचं होतं. होड्यांना इंजिनं द्यावीत, की जाळ्यांना सूत, की आणखी काही, हे आमच्या पाहणीवरून ठरायचं होतं. मला मिळाला तो समुद्रापलीकडचा, रेवस आणि किहीमच्या मधला एक लहानसा कोळीवाडा. दिवाळीनंतर जायचं आणि काम संपेपर्यंत तिथेच राहायचं.

घरात सांगितलं. यजमान म्हणाले, "आई ठरवेल." भले शाब्बास! सासूबाईंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी निकाल दिला. "एकटीला पाठवायची नाही. मी येते बरोबर. कसलं काम ते माझ्या डोळ्यांनी बघते. घरच्या सुनेने करण्यासारखं वाटलं तर खुशाल कर. नाही वाटलं, तर परत येताना लाँचमध्ये सांगेन, आणि मग नोकरी सोडायची. तक्रार चालणार नाही. कबूल?"

मी कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण ती नोकरी मला जिवापाड हवी होती. पगार चिमूटभर होता, त्याच्यासाठी नव्हे. अनोळखी माणसाच्या ओटीवर बसावं, "तुमचं कसं चाललंय" म्हणून विचारावं आणि त्याने जीव मोकळा करून सांगावं, हे सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नव्हतं. ते जाणार म्हटल्यावर मी घाबरले.

निघण्याआधी छापील प्रश्नांचा सराव म्हणून मी घरातल्या सगळ्यांना धरलं. सासूबाई पाट्यावर वाटण वाटत होत्या. मी अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "आपण काय काम करता?"

वरवंटा न थांबवता त्या म्हणाल्या, "मी? मी काही नाही. घरीच असते."

मी "काम नाही" असं लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

कोळीवाड्यात आम्हाला एका कोळणीच्या घरात पडवीची खोली मिळाली. बाई पन्नाशीच्या अलीकडची, भरदार, आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर होडीत ऐकू जावी. घरात आम्हीही मासे खाणारे, त्यामुळे वासाचं काही वाटलं नाही, पण बाहेर पडावं तिकडे दोऱ्यांवर बोंबील वाळत टाकलेले आणि त्यांच्याखालून वाकून जावं लागे, त्याने सासूबाई वैतागल्या. शिवाय त्यांचा जन्म गेला होता दादरच्या मासळीबाजारात कोळणींशी घासाघीस करण्यात. कोळीण म्हणजे लबाड, तोंडाळ आणि तराजूवर बोट ठेवणारी, हे त्यांचं ठाम मत. आमच्या घरमालकिणीने त्यांना पहिल्या संध्याकाळीच ओळखलं. सुरमईची तुकडी ताटलीत घालून आणली आणि म्हणाली, "घे गो बाय, ही फुकट हाय. भाव करू नको." सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. तुकडी मात्र खाल्ली.

मी कामाला लागले. सकाळी पुरुष दर्यावर, म्हणून दुपारी घरं घ्यायची. पुरुष भडाभडा सांगायचे: जाळं केवढं, होडी कुणाची, वारं कसं. बायकांपाशी आलं की एकच उत्तर. "काम काय करतेस?" "काय नाय. घरानच हाय." घरामागून घर तेच. सूचना तर स्पष्ट होत्या, बाई जे सांगेल ते लिहायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही. मी लिहीत गेले.

सासूबाई रोज माझ्याबरोबर येऊन बाजूला बसायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. हे फार भयंकर होतं. त्या बोलत नाहीत म्हणजे मनात निकाल लिहीत आहेत, असंच मला वाटायचं.

मग आमच्या घरमालकिणीची पाळी आली. ती नुकतीच किनाऱ्यावरून आली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं, हाताला खवले चिकटलेले, डोक्यावरची पाटी आत्ताच खाली ठेवलेली. मी विचारलं, "काम काय करतेस?"

"काय नाय गो. घरवाला जातो दर्यान. मी आपली घरानच."

मी लिहिलं. सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "काय लिहिलंस?"

"काम नाही, असं."

"कुणाला काम नाही? हिला?" सूप बाजूला आपटलं. "अगं, होड्या लागल्या तेव्हा चिखलात उतरून पाट्या कुणी वाहिल्या? जवळा कुणी पसरला? विहिरीचं पाणी काय आपोआप चालत आलं? डोळे कुठे ठेवून आलीस, सूनबाई?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नियम आहे तो! आणि ती स्वतःच्या तोंडाने सांगतेय ना, काही करत नाही म्हणून?"

"ती म्हणेल गं तसं!" सासूबाई म्हणाल्या. मग एकदम थांबल्या, आणि आवाज खाली आला. "मीसुद्धा म्हणालेच होते की."

घरमालकीण दोघींकडे आळीपाळीने बघत हसायला लागली. "भांडू नका गो बायांनो, चाय ठेवते."

मी हट्टी. हार मानायची नव्हती आणि खोटंही लिहायचं नव्हतं. मी जरा फणकाऱ्यानेच तिला म्हटलं, "चहा राहू दे. आज उठल्यापासून काय काय केलंस ते सांग बघू."

तिने सुरुवात केली आणि थांबेचना. चूल पेटवली इथपासून सुरू झालं. होडीची वाट बघत किनाऱ्यावर बसली, मासळी निवडली, लहान-मोठी वेगळी केली, कुठली ताजी विकायची, कुठली सुकवायची ते ठरवलं. ठरवलं कुणी? "मीच. त्याला काय ठाव भाव?" बोंबील टांगले, जवळा उलटला, कावळ्यांना हाकललं. मग ओघात आदल्या आठवड्याचं निघालं. ती सुकी मासळी घेऊन वरच्या शेतकरी गावांत गेली होती आणि मासळीच्या बदल्यात भात घेऊन आली होती. घरात वर्षभर तोच तांदूळ शिजायचा. पैसे हातात आले नव्हते, म्हणून त्याला कमाई असं कुणी म्हणतच नव्हतं, तीही नाही. बोलता बोलता ती स्वतःच थबकली. "अगो बाय, एवढं करते मी?" आणि पोट धरून हसली.

त्याच आठवड्यात संस्थेतले आमचे सर लाँचने काम तपासायला आले. अतिशय सज्जन गृहस्थ, पण शिस्तीचे. मी प्रश्न बदलला हे ऐकून त्यांच्या कपाळावर आठी चढली. "छापलेला प्रश्न बदलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?" माझं तोंड सुटलं. मी म्हटलं, सर, या कागदांवरून उद्या सरकार म्हणेल की इथल्या निम्म्या माणसांना काही कामच नाही, मग त्यांच्यासाठी कशाला काही करायचं? सरांनी भरलेले कागद पुन्हा एकदा चाळले. मग म्हणाले, "मग सगळीच घरं नव्याने करावी लागतील. आणि मुदत वाढवून मिळणार नाही. जमेल?"

"जमेल," मी ठोकून दिलं. ते गेल्यावर मात्र कपाळाला हात लावून बसले. उठल्यापासूनची हकीकत ऐकायची तर एकेका बाईपाशी दुपार जाणार. कुठून जमायचं होतं?

सासूबाईंनी पदर खोचला. "तू विचार. मी लिहिते." त्या चौथी शिकलेल्या, अक्षर मोत्यासारखं, आणि ते अक्षर लग्नानंतर वाण्याच्या यादीपलीकडे कशाला लागलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आमची जोडी निघाली. मी विचारायची, त्या लिहायच्या, आणि मी काही विसरले की मध्येच घुसायच्या. "आणि पोराला कुणी न्हाऊ घातलं? ते सांगितलं नाहीस." बायका माझ्याशी बेतानेच बोलायच्या, त्यांच्याशी मात्र मनमोकळ्या. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

पण तोंडाचा पट्टा चालूच. ऊन फार आहे. पाणी मचूळ आहे. हे काम आहे की जन्माचा छळ? मी ऐकायची आणि लाँचचा दिवस जवळ येतोय म्हणून मनात झुरायची.

एकदा घरमालकीण पाटी घेऊन किहीमच्या वाड्यांकडे विकायला निघाली, तर सासूबाई म्हणाल्या, मीही येते, हे बघायचंय. तिघी निघालो. एका नारळाच्या वाडीत घरधनीण बाहेर आली, पापलेट उचललं, नाक मुरडलं आणि म्हणाली, "शिळं दिसतंय. अर्ध्या भावाला देतेस का?" अगदी शब्द न् शब्द, सासूबाई दादरला म्हणत तसाच! कोळीण तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढे झाल्या. "शिळं? डोळा बघा त्याचा! कल्ला उघडून बघा! ही बाई ते पाण्यातून डोक्यावर घेऊन आलीय, आणि तुम्ही दारात उभ्या राहून अर्धा भाव म्हणता? जिभेला काही हाड?" त्या बाईने मुकाट्याने पुरे पैसे दिले. परतीच्या वाटेवर घरमालकीण हसून हसून वाळूत बसली. "बाय, तू इथंच ऱ्हा. मी जाते दादरला, सून सांभाळायला." सासूबाईंना हसू आवरेना, आणि मला तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसू आलं. त्या रात्री त्यांच्या पायांना फोड आले होते. मी तेल लावायला बसले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, पण निकालाबद्दल चकार शब्द काढला नाही.

पुढे आमच्या अहवालात बायकांच्या कामाचं वेगळं प्रकरण झालं, आणि मासळी सुकवायला पक्के ओटे बांधावेत अशी शिफारस त्यात आली. त्यातलं किती झालं, किती कागदावर राहिलं, ते बोलायला बसले तर माझं डोकं तापेल. तेव्हा मला धास्ती होती ती लाँचची.

काम वेळेत संपलं. घरमालकीण धक्क्यापर्यंत पोचवायला आली, सासूबाईंच्या हातात सुक्या बोंबलांची जुडी कोंबली आणि डोळे पुसत मागे वळली. लाँच सुटली. सासूबाई कठड्याशी बसल्या, मी शेजारी. रेवस मागे पडलं तरी त्या बोलेनात. मी मनात राजीनाम्याचा मजकूरसुद्धा जुळवला.

समोर एक जाडजूड बाई टोपलीभर पांढरे कांदे घेऊन मुंबईला निघाली होती. तिला गप्प बसवेना. आधी आमच्या बोंबलांची चौकशी केली, मग सासूबाईंना विचारलं, "सूनबाई वाटतं? शिकलेल्या दिसतात. त्या कामाला गेल्या असतील. आणि तुम्ही काय करता?"

आता त्या "काही नाही" म्हणणार, हे मला पाठ होतं. मी पाण्याकडे बघत राहिले.

सासूबाईंनी पदर सावरला आणि नीट मांडी घातली. "वेळ आहे ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "मग उठल्यापासून सांगते."

आणि खरंच सांगितलं हो! घरातलं एकूण एक. वाटण, धुणं, दुखणी-खुपणी, पाहुणेरावळे, सासऱ्यांच्या आजारपणातली जागरणं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं, आणि मी कधी विचारलंही नव्हतं. कांदेवाली मान डोलवत ऐकत राहिली. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "आणि आता हे पाहणीचं. आम्ही दोघी करतो."

मी वळून बघितलं. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. बोंबलांची जुडी मांडीवर नीट लावत होत्या.

"सासूबाई," मी डोळे पुसत म्हटलं, "मग नोकरीचं..."

"नोकरीचं काय?" त्या खेकसल्या. "रडतेस काय बावळटासारखी, लोक बघताहेत. पुढचं गाव कुठलं, ते सांग. तिथलं पाणी तरी गोड आहे का?"