मेंढरांच्या वाटेवर आमची भिंत

आमच्या गावाचे निर्णय गावात होत नाहीत. ते डिलाईल रोडच्या चाळीत, गावकऱ्यांच्या खोलीत होतात. गावची माणसं गिरणीत होती तेव्हापासूनची ही पद्धत. दिवाळीनंतरच्या एका रविवारी तिथे बसून आमच्या मुंबई मंडळाने ठराव केला: यंदापासून धनगरांना गावाच्या हद्दीत बंदी. कारण गेल्या वर्षी मेंढरांनी बाळकाकांचा वाल फस्त केला होता. मंडळाचा सेक्रेटरी माझा दादा.

"इथल्या किती जणांनी मेंढरू जवळून बघितलंय?" मी विचारलं.

"तू जाऊन बघ ना मग. तुझ्या प्रवासाच्या ब्लॉगवर पण टाक," दादा बोलला आणि सगळे हसले.

मला असं डिवचलं की मी जातेच. पुढच्या रविवारपर्यंत बंदीचा बोर्ड लावायचा नाही, एवढं मात्र कबूल करून घेतलं.

शुक्रवारी सकाळी सहाला परळहून एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे पेणला मिसळ बिनधास्त खाल्ली. हायवेचं काम चालूच आहे. माणगावपर्यंत चार तास धरले होते, साडेपाच लागले. तिथून शेअर रिक्षा मिळते. गावात हॉटेल नाही, तेव्हा कुणाकडे तरी जेवण आधी सांगून ठेवा. मला काकूने वालाचं बिरडं वाढलं.

"विकतचे हायत हो," ती म्हणाली. "घरचे मेंढरांनी खाल्ले."

बाळकाका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. सत्तरी गाठली तरी शेती करतात. मी ठरावाचं सांगितलं तर त्यांचा घास हातातच राहिला.

"मी वालाची तक्रार केली. मेंढरं बंद करा, असं कुठं बोललो?"

मग त्यांनी समजावलं. भात कापलं की धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि रिकाम्या शेतात मुक्काम करतात. शेताला लेंडीखत मिळतं, धनगराला त्याबदल्यात भात. काकांना पुढे खताची गोणी फारशी लागत नाही. बंदी आली तर शेती परवडायची नाही, हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं.

दुपारी ते मला हद्दीवरच्या माळावर घेऊन गेले. तिथे साताऱ्याकडच्या सखूबाई कळप घेऊन थांबल्या होत्या. सासूच्या काळापासून त्यांचं याच वाटेने येणं-जाणं. माणगावच्या बाजारात बंदीचं कानावर आल्यामुळे तीन दिवस पुढे सरकल्या नव्हत्या.

"हितनं सोडलं न्हाई तर हायवेनं जावं लागंल," त्या म्हणाल्या. "येताना थोडंसंच गेलो, तर ट्रकखाली पाच मेंढरं गेली."

"पण मग गेल्या वर्षी वालात कशी शिरली?"

सखूबाईंनी काकांकडे बघितलं. काका जमिनीकडे बघत होते.

"दावा की त्यास्नी," सखूबाई म्हणाल्या.

आम्ही ओढ्याकाठच्या वाटेने निघालो. मस्त सावलीची वाट आहे. ती आमच्या घरामागे आली आणि चिऱ्याच्या भिंतीला अडून संपली. डावीकडे खोल ओढा, उजवीकडे काकांचं वालाचं शेत. मेंढरांना जायला तेवढीच जागा उरली होती. ही भिंत आम्हीच गेल्या वर्षी उन्हाळ्यात बांधलेली. जास्वंदी लावायला जागा हवी म्हणून ती थेट ओढ्यापर्यंत न्या, हा हट्ट माझा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, बोलला का नाहीत?"

"तुम्ही हौसेनं बांधलीत. कसं बोलायचं?"

रविवारी खोलीत उभी राहून मी सगळं सांगितलं. दादा लालबुंद झाला. चारचौघांत चूक दाखवलेली त्याला खपत नाही. खरं म्हणजे मलाही खपत नाही.

"भिंतीला खर्च किती झालाय, माहितीय ना तुला?"

"माहितीय. हट्ट माझाच होता, हेही लिही."

"आणि पुन्हा वाल खाल्ला तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"मोकळी वाट असताना इतकी वर्षं कधी खाल्ला होता?"

दादाने ठरावावर काट मारली आणि फोन स्पीकरवर टाकला. "काका, मागची भिंत पाडायला गडी मिळेल का?"

"गडी कशाला? पहार हाय घरात," काका म्हणाले. आवाजावरून ते उठून उभेच राहिले असावेत.

सोमवारी काकूचा फोन आला, मेंढरं भाताच्या शेतात मुक्कामाला बसली म्हणून. मी करी रोडच्या घरी गावच्या परसाचे जुने फोटो बघत होते. जन्मभर मे महिन्यात गावी जाते, पण दिवाळीनंतर आपल्या मागच्या दारावरून कोण जातं, हे कधी विचारलं नव्हतं. आणि सत्तरीचा माणूस वर्षभर आमच्या भिडेने गप्प राहिला, याची मला फार लाज वाटते.