देवाजीभाऊंचं सातवं मृत्युपत्र

ब्रह्मपुरीजवळच्या एका गावातले देवाजी मेश्राम पोस्टमन म्हणून निवृत्त झाले. लोकांचे कागद वाटणं बंद झालं, तेव्हा त्यांनी स्वतःचे लिहायला घेतले. चार वर्षांत सहा मृत्युपत्रं! तब्येत ठणठणीत, मरायचा बेत अजिबात नव्हता. पण पोरांना वचकात ठेवायला यासारखा दुसरा उपाय नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

वाटायला होतं तरी काय? धानशेतीच्या तीन बांध्या आणि तीन खोल्यांचं स्लॅबचं घर. सगळ्यांचा डोळा घरावर. नागभीडला राहणारा थोरला प्रफुल चौदा एप्रिलला गावी आला नाही, म्हणून दुसऱ्या मृत्युपत्रात घर धाकट्या मिथुनला. मिथुनने न विचारता मोटरसायकल आणली, म्हणून तिसऱ्यात परत प्रफुलला. चौथ्याचं कारण वांग्याची भाजी होतं, त्यात आपण पडायला नको. मुलगी नूतन एकाही कागदात नव्हती. तिचं लग्न करून दिलं होतं ना, मग झालं तर!

आणि बायको? रुखमाबाई दर वेळी एकच विचारायची, "मंग मी कुठी राहू?"

"ज्याले घर भेटन तो ठेवन तुले," देवाजीभाऊ पेनाचं टोपण लावता लावता सांगायचे.

मिथुनच्या बायकोने तर सासूची पेटी कुठे सरकवायची तेही ठरवून टाकलं होतं. रुखमाबाईला भीती वाटायची. चार वर्षं ती त्या घरात जीव मुठीत धरून वावरली.

सातवं मृत्युपत्र मात्र पक्कं, नोंदणीचं करायचं ठरलं. तहसीलच्या आवारात अजीमभाई दस्त लिहायला बसतात, तिथे भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून पोचले. रुखमाबाईला शुगर तपासायची होती, म्हणून तीही सोबत आली आणि बाकावर टेकली.

अजीमभाईंनी नमुना आठ मागितला, म्हणजे घर कोणाच्या नावावर आहे तो उतारा. भाऊंनी ग्रामपंचायतीने दिलेलं बंद पाकीट पुढे केलं. पाकीट फोडायचं नाही, ही नोकरीतली सवय. स्वतःचंही फोडलं नव्हतं.

अजीमभाईंनी ते फोडलं, वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "देवाजीभाऊ, हे घर कोनाचं वाटून राह्यले तुमी?"

"माह्यं! आनखी कोनाचं?"

"मालकाच्या रकान्यात तं बाईचं नाव हाय. एकटीचंच."

आठ वर्षांपूर्वी महिला दिनाच्या ग्रामसभेत घरं बायकांच्या नावे करायचा ठराव आला होता. पहिला हात देवाजीभाऊंचा. हार घालून घेतला, समतेवर वीस मिनिटं बोलले, फोटो काढले, पुढे केलेल्या कागदांवर सह्या केल्या. भाषण त्यांना अजून पाठ होतं. सह्या तेवढ्या विसरले, आणि घरी सांगायचंही.

"ते तं फोटोपुरतं होतं नं," ते पुटपुटले.

रुखमाबाईने कागद मागून घेतला. बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत आपलं नाव वाचलं. चार वर्षं आपल्याच घरात आपण घाबरून राहिलो, याचा तिला असा संताप आला की तिने कागद अजीमभाईंसमोर आपटला.

"अजीमभाई, आता माह्यं लिवा. माह्या मांगं घर नूतनले."

भाऊंचा चेहरा एवढासा झाला. अजीमभाईंनाच दया आली. "बाई, भाऊचं काय लिवू?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. राग होताच. त्यात कीवही आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला.

"लिवा, मरेपर्यंत राह्यतीन तेई. मांगच्या खोलीत."

"मांगच्या खोलीत पंखा नाई, रुखमे," देवाजीभाऊ हळूच म्हणाले. "उन्हाळ्यात जीव जाते मानसाचा."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "दहा वर्षं झाले, मी तिथीच झोपून राह्यली."