मुलाखतीपुरता बाहेर काढलेला सोफा

कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी ती अंगठ्याने गादी दाबून बघते. कापड हातात आलं की आधी उलटी बाजू बघते, मग सुलटी. कुणाच्या घरी गेली की सोफ्याखालून हात फिरवते, आणि आतली पट्टी सैल असेल तर यजमानांना तोंडावर सांगते. विद्यापीठाचं पान उघडलं की आधी फी शोधते, मग खोलीचं भाडं. अभ्यासक्रम सगळ्यात शेवटी. घरात शिरताना पायाखाली बघून चालते, कारण त्यांच्या फरशीवर कायम पिना सांडलेल्या असतात.

घरचे तिला टाचणी म्हणतात. अंगाने बारीक, आणि बोलली की टोचते म्हणून. वडील सोफे आणि खुर्च्या मढवतात, घरी आणि एका फर्निचरच्या शोरूमसाठीही. आई खोळी शिवते. टाचणी कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. रंग किती पक्का आहे ते बघणं तिचं काम. तिला पुढे रंगांचंच शिकायचं होतं. युरोपात.

ती विद्यापीठं निवडत होती म्हणजे खरं तर एकेक खोडत होती. तिथल्या एका राजधानीतलं मोठं विद्यापीठ भाड्यापायी गेलं. दुसरीकडे फी अजिबात नव्हती, पण वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधी बँकेत दाखवायचे होते.

"दाखवायचे आणि परत आणायचे ना?" आईने विचारलं.

"नाही, तिथेच ठेवायचे."

"मग त्याला दाखवणं कशाला म्हणतात गं?"

शेवटी एकच उरलं. लहानसं गाव, स्वस्त वसतिगृह, रंगांची उत्तम प्रयोगशाळा. फी होती, पण गरजू विद्यार्थ्यांना माफ व्हायची. त्याआधी व्हिडिओवर मुलाखत. ही हुकली तर दुसरं काही नव्हतं.

तिथे शिकून आलेल्या एका ओळखीच्या मुलाने फोनवर सल्ला दिला. "मागे नुसती भिंत ठेव. घर भरलेलं दिसलं की संपलं. एकाला म्हणे मागचा टीव्ही बघून विचारलं, हा कोणाचा?"

तिने फोन ठेवला आणि खोलीकडे पाहिलं. त्यांचा टीव्ही बघून कुणालाही दयाच आली असती. नजर अडली ती सोफ्यावर.

हॉटेलने टाकून दिलेला त्याचा सांगाडा वडिलांनी हातगाडीवरून घरी आणला होता. हिरव्या मखमलीचे उरलेसुरले तुकडे जोडून त्यांनी तो मढवला. जोड कुठे आहेत ते आईलाही सापडत नसे. पाठीवर खोल बसवलेल्या बटणांच्या रांगा. घरी आलेलं गिऱ्हाईक आधी त्या सोफ्याकडे बघायचं, आणि मजुरीची घासाघीस तोंडातल्या तोंडात गिळायचं. खिडकीकडच्या बाजूला हिरवा रंग विटत गेला होता. लहानपणी तिने विचारलं होतं, "बाबा, रंग जातो कुठे?" वडील म्हणाले होते, "तुला कळलं की मलाही सांग."

मुलाखतीच्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "बाबा, सोफा तेवढ्यापुरता बाहेर काढू या का?"

"का गं?"

"कॅमेऱ्यात बरं नाही दिसत."

वडिलांनी सोफ्याकडे पाहिलं. हात टेकायच्या जागी मखमल घासून गुळगुळीत झाली होती. तिच्यावरून त्यांनी बोटं फिरवली.

"खरंय तुझं," ते म्हणाले. "रोज बघून बघून आपल्या लक्षात येत नाही. बाहेरच्या माणसाला लगेच दिसतं."

तिने सोफ्याचं एक टोक धरलं. गैरसमज सोयीचा होता.

दोघांनी सोफा जिन्याजवळ नेला. शेजारचा शिंपी हसत म्हणाला, "काय मास्टर, घर सोडताय की सोफ्याला हाकललंत?"

"हवा खायला काढलाय," वडील म्हणाले. "तुम्ही बसू नका म्हणजे झालं."

दुपारी पडद्यावर दोघं आले. चष्मा लावलेल्या प्राध्यापक बाई आणि एक तरुण गृहस्थ. टाचणी बोलायला लागली तसा बाईंनी कानाला हात लावला. रिकाम्या खोलीत तिचा आवाज घुमत होता.

"जवळ काही मऊ आहे का?" बाईंनी इंग्रजीत विचारलं. "सोफ्याशेजारी बसलात तर बरं होईल."

"आमच्याकडे सोफा नाही," ती म्हणाली.

दार लोटलेलं होतं. पलीकडे वडील त्याच सोफ्यावर बसले होते, जिन्यावरून कुणी दंगा करत येऊ नये म्हणून. त्यांचं इंग्रजी शोरूमपुरतं. पण सोफा आणि नो कळायला तेवढं पुरे होतं.

थोड्या वेळाने दार हळूच सरकलं. वडील फोमचा जाड तुकडा घेऊन आत आले, लॅपटॉपच्या मागे कॅमेऱ्यात न दिसता उभे राहिले आणि तो दोन्ही हातांनी छातीसमोर धरला.

"आता स्वच्छ येतंय," बाई खूश झाल्या. "काय केलंत?"

फोमच्या वर वडिलांचे डोळे दिसत होते.

"खिडकी लावली," ती म्हणाली. "विंडो" वडिलांनाही कळत होतं. खिडकी सताड उघडी होती. वडिलांनी एकदा तिकडे बघितलं आणि नजर खाली केली.

प्रश्न चांगले होते. तिने उत्तरंही बरी दिली. मग बाई पुढे झुकल्या. "हे रंगांचं वेड तुम्हाला लागलं कुठून?"

उत्तर तिला पाठ होतं. कुणी विचारलं नव्हतं तेव्हाही ती ते मनात घोळवायची. हिरवी मखमल, खिडकीकडची विटलेली बाजू, बाबांना विचारलेला प्रश्न. पण आमच्याकडे सोफा नाही. "कॉलेजच्या पुस्तकातून," ती म्हणाली. तरुण गृहस्थाने मान हलवली. बाई मागे टेकल्या.

निरोप घेताना बाई म्हणाल्या, "आणि फीची काळजी नको. तुमची गरज आम्ही आधीच मान्य केली आहे. आज फक्त तुम्हाला ऐकायचं होतं."

पडदा काळा झाला. वडिलांनी फोम भिंतीला टेकवला. दंडाला रग लागली होती, ते हात झटकत राहिले. मग जाऊन त्यांनी खिडकी लावली.

"घे. लावली," ते म्हणाले. "तू म्हणालीस ना."

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला उलट बोलता आलं असतं. ती लॅपटॉपची वायर गुंडाळत बसली, सोडून पुन्हा गुंडाळत.

संध्याकाळी ती सोफा आत घ्यायला गेली तेव्हा वडील त्याच्यापुढे मांडी ठोकून बसले होते. मखमल सगळी उसवून झाली होती. आई तुकडे पिशवीत भरत होती.

"बाबा, हे काय केलंत!"

"पोर परदेशी जाणार. तिकडची माणसं रोज फोनवर घर बघतील. सोफा नाही म्हणायची वेळ नको यायला तुझ्यावर." त्यांनी शोरूममधून आणलेलं करडं कापड उलगडलं. "हल्ली हाच रंग चालतो म्हणे. सभ्य दिसतो."

आई तिच्याकडे बघत होती. टाचणीने पायाशी पडलेला हिरवा तुकडा उचलून पिशवीत टाकला.

प्रवेश मिळाला. फी माफ झाली. नोकरीच्या प्रयोगशाळेतल्या मुलींनी तिला डोक्यावर घेतलं. कुणी अभिनंदन केलं की ती घाईने विषय बदलायची.

निघायच्या दिवसापर्यंत नवं कापड ताणून झालं होतं, बटणं राहिली होती. ते काम दोघांचं. एकाने पाठीमागून लांब सुई आत सारायची, दुसऱ्याने पुढून बटण ओवून परत द्यायची. लहानपणापासून मागची बाजू तिची. सामान दाराशी ठेवून ती सोफ्यामागे बसली. वडील पुढे. मध्ये सोफ्याची पाठ असल्याने एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. वरची रांग झाली. मधली झाली.

"बाबा," ती म्हणाली, "तो हिरवा चांगला होता."

"हं."

"म्हणजे, खूपच चांगला होता. म्हणून मी..."

सुई पलीकडे गेली होती. ती परत येईना. पलीकडे वडील थांबले होते.

"म्हणून काय?" त्यांनी विचारलं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. आईने जिन्यातून हाक मारली. टाचणीने दोरा हातातून सोडला आणि उठली.

"आल्यावर करू," ती म्हणाली.

आईने दोनदा मागे बसायची तयारी दाखवली. वडील म्हणतात, राहू दे. सोफा वापरात आहे. खालच्या रांगेत बटणांच्या जागी खडूच्या फुल्या आहेत, आणि पहिल्याच फुलीतून दोरा लोंबतो आहे.