'राइस'चं कूळ आणि आमचे मामंजी

नवी सून फारसं बोलत नाही, म्हणून तिच्याजवळ किस्से फार साठतात. लग्न होऊन गोंदियाला आले त्याला सहाच महिने झाले, पण माझ्याकडे आताच ढीग जमलाय! बहुतेक मामंजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे. रिटायर्ड मास्तर. छंद एकच: इंग्रजी शब्दांची मुळं संस्कृतात शोधायची. मला त्यांच्याकडून एक सही हवी होती, माझ्या सातवीच्या परीक्षेच्या फॉर्मवर. पण डिक्शनरीत बुडालेल्या माणसाला सुनेनं हाक कशी मारायची?

*

'राइस' त्यांचा लाडका. "मूळ आपलं 'व्रीही'! इथून इराणात गेलं, मग ग्रीसला, मग थेट विलायतेला!"

अंगणात तांदूळ पाखडणाऱ्या आमच्या कामवालीनं, सगुणानं, सूप थांबवलं. "येवढं जग फिरून आलं गुरुजी, तं पाखडाचं काम माह्यावरच काऊन जी?"

*

स्टेशनमास्तर मद्रासकडचे. त्यांच्या मते 'राइस' आला तमिळ 'अरिसी'वरून. मामंजी नागपूरच्या गाडीसाठी गेले आणि प्लॅटफॉर्मवरच जुंपली. "व्रीही!" "अरिसी!" गाडी आली, गेली. मामंजी घरी.

"गाडी गेली," ते ऐटीत म्हणाले, "पण मास्तर निरुत्तर होऊन निघून गेला!"

"निरुत्तर कायचा?" सासूबाई म्हणाल्या. "झेंडी दाखवाले गेला असंल!"

*

मग 'डॉटर'ची पाळी आली. "डॉटर म्हणजे दुहिता. दुहिता म्हणजे दूध काढणारी!"

सासूबाईंनी शांतपणे चरवी माझ्या हातात दिली. "जा बाई. यायनं शब्द शोधला, तू गाय शोध."

*

फॉर्म पाठवायचा शेवटचा दिवस उजाडला. यांनी, माझ्या नवऱ्यानं, आदल्या दिवशीच हात वर केले होते: "बाबांना तूच विचार."

दाराआड उभी राहून मी सहीचं विचारलं. सहा महिन्यांतलं मामंजींशी माझं पहिलं वाक्य!

डिक्शनरीतून मान वर न काढता ते म्हणाले, "नो!"

पाय मागे वळलेच होते. पण तोंडून निघून गेलं, "कोणतं, मामंजी? के-वालं, की बिन के-चं?"

मान वर आली. "के-वालं? के-एन-ओ-डब्ल्यू? ते तर 'ज्ञा' धातूचं! ज्ञा, जाणणे!" आणि मध्येच थांबले.

मी फॉर्म डिक्शनरीवर ठेवला.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एकदा फॉर्मकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"के-वालं," ते म्हणाले आणि दौत जवळ ओढली.